बेसबॉल: रीबिल्ड केलं (टीम मोडून नव्यानं उभी केली), पोरं तयार झाली आणि पिचरांचे (बॉल टाकणाऱ्यांचे) हात गेले, आता टीम बांधायची कशी?

पहाटेची_इनिंग (टिळकवाडी, बेळगाव)

नमस्कार मंडळी. आपल्या बेळगाव-खानापूर-निपाणी भागात क्रिकेट, कबड्डी, कुस्तीवर बोलणारे ढीगभर, बेसबॉलवर बोलायला माणूस सापडत नाही म्हणून इथं लिहालोय. मी अमेरिकेतल्या बाल्टिमोर ओरिओल्स टीमचा फॅन. त्यांच्या मॅचा आपल्याकडं पहाटे चार-साडेचारला चालू होतात, २०२५ चा सीझन तसाच उठून उठून बघितला आणि मन लय खट्टू झालं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. ही टीम २०१८ ला १६२ पैकी ११५ मॅच हरली. मग टीमचा कारभार बघायला माईक एलियसला आणलं, त्यानं जुनं सगळं मोडून पोरांवर टीम उभी करायला घेतली. २०१९ ला १०८ हार, २०२१ ला ११० हार. लोकांनी सोसलं, कारण खालनं रचमन, हेंडरसन, हॉलिडे अशी पोरं तयार होत होती. २०२३ ला १०१ जिंकल्या! वाटलं आता पाच-सहा वर्षं आपलीच. आणि तिथनंच एकेकाचा हात जायला लागला. क्लोजर (शेवटची इनिंग टाकणारा पिचर) फेलिक्स बाउटिस्टाच्या कोपराचं ऑक्टोबर २०२३ ला ऑपरेशन, पुढचं अख्खं वर्ष घरी. २०२४ ला ब्रॅडिश, वेल्स, मीन्स, तिघा पिचरांची कोपरं एकामागोमाग. २०२५ ला ७५ जिंकल्या, ८७ हरल्या, मे महिन्यातच मॅनेजर ब्रँडन हाइडला काढलं.

माझा प्रश्न असा की रीबिल्ड करताना पिचर जमवायचे कसे? स्वतः ड्राफ्ट करून (नव्या पोरांच्या वार्षिक निवडीतनं घेऊन) वाढवायचे का तयार विकत घ्यायचे? आणि इंज्युरी होणारच हे धरून चालणाऱ्या टीमा नेमकं काय वेगळं करतात? नुसतं "नशीब वाईट" असलं उत्तर नको.

खानापूर_शॉर्टस्टॉप

हिटर (बॅटिंगवाले) पहिले घ्यायचे हे एलियसचं बरोबरच होतं, त्यावर माझी शंका नाही. २०१९ ते २०२४, दरवर्षीची पहिली निवड हिटरच. शिकागो कब्ज टीमचा कारभार बघणाऱ्या थिओ एपस्टीननं तिथं हेच केलं की. २०१२ ला १०१ हरले, २०१३ ला ब्रायंट घेतला, २०१४ ला श्वार्बर, आणि २०१६ ला वर्ल्ड सीरीज (लीगची फायनल) जिंकली, १९०८ नंतर पहिल्यांदा. कारण साधं आहे, अठरा-वीस वर्षांच्या पिचरचा हात टिकेल का नाही कुणीच सांगू शकत नाही, हिटरचं तेवढं बेभरवशाचं नसतं. श्वार्बरच बघा, २०१६ च्या एप्रिलमध्ये गुडघ्याची दोन लिगामेंट तुटली, सीझन गेला म्हणून सगळ्यांनी सोडून दिलं, आणि गडी थेट वर्ल्ड सीरीजला उभा राहून मारून गेला. पिचरचं कोपर सहा महिन्यात असं परत येत नाही.

पण कब्जनी पुढचं पाऊल टाकलं. पोरं तयार होत आली तसं पिचर जॉन लेस्टरला ६ वर्षांसाठी १५५ मिलियन डॉलर मोजले. पिचर एरिएटाला २०१३ ला ट्रेडमध्ये (खेळाडूंच्या अदलाबदलीत) आणलं, तो २०१५ ला साय यंग (सगळ्यात भारी पिचरचा पुरस्कार) जिंकला, आणि तो आणला कुठनं तर तुमच्या ओरिओल्सकडनंच. तुमच्यांनी काय केलं? भारी पिचर कॉर्बिन बर्न्सला एक सीझन ठेवला आणि सोडला. त्याच्या जागी ४१ वर्षांचा मॉर्टन आणि ३५ वर्षांचा सुगानो, दोघंपण एकेक वर्षाच्या करारावर. तिथं हात आखडला, आणि सगळं घोडं तिथंच अडलं असं माझं स्पष्ट मत आहे.

निपाणी_नाका

शॉर्टस्टॉप भाऊ, अर्धं पटलं. बर्न्स ॲरिझोनाकडं गेला, ६ वर्षं, २१० मिलियन. आणि पहिल्याच वर्षी, जून २०२५ ला, टॉमी जॉन सर्जरी, म्हणजे कोपराचं ऑपरेशन! ओरिओल्सनी ते पैसे घातले असते तर आज तुम्हीच शिव्या घातल्या असत्या. पिचर डीग्रॉमला टेक्सासनं ५ वर्षांचे १८५ मिलियन दिले, २०२३ ला सहा मॅचमध्ये टाकला आणि कोपर गेलं. तरी त्याच वर्षी टेक्सास वर्ल्ड सीरीज जिंकली, हे विसरू नका, कारण त्यांनी दुसरा पिचर इओवाल्डी घेऊन ठेवलेला आणि अजून एक पिचर मॉन्टगोमेरीला सीझन चालू असताना ट्रेडमध्ये आणलं.

म्हणजे विकत घ्या का वाढवा हा वादच नाही माझ्या मते, पिचर किती आहेत त्यावर सगळं. पाच जण लागतात तर नऊ-दहा ठेवा. डॉजर्सचं बघा, २०२४ ला निम्मे पिचर जायबंदी, पोस्टसीझनला (शेवटच्या बाद फेऱ्यांना) धड तीन स्टार्टर (मॅचची सुरुवात करणारे पिचर) उरले, मधल्या मॅचा अख्ख्या बुलपेननं (मागनं येणाऱ्या पिचरांनी) वाटून काढल्या आणि जिंकले. २०२५ ला त्यांचा पिचर स्नेल दोन मॅच टाकून खांद्यानं बाहेर, ऑगस्टपर्यंत घाई केली नाही, ऑक्टोबरला ताजा हात मिळाला. पिचरसाठी इंज्युरी लिस्ट (जायबंदी खेळाडूंची यादी) कमीत कमी १५ दिवसांची, आणि ६० दिवसांच्या लिस्टवर टाकलं की टीमच्या ४० जणांच्या मुख्य यादीत एक जागा मोकळी होते, तिथं दुसरा कोण तर आणता येतो. ही जागा हुशारीनं वापरणं म्हणजे निम्मी मॅनेजमेंट. पैसा त्यांच्याकडं जास्त आहे हे कबूल, पण धा स्वस्तातले पिचर जमवायला डॉजर्सचा पैसा लागत नाही.

कॅम्पातली_फिजिओ

मी बेसबॉल तुमच्याएवढी बघत नाही, पण खांदे-कोपरं रोज हाताळते म्हणून लिहिते. टॉमी जॉन म्हणजे कोपराच्या आतल्या बाजूचं लिगामेंट गेलं की शरीरातलीच दुसरीकडची, बऱ्याचदा मनगटाजवळची, नस काढून तिथं बसवतात. नस म्हणजे टेंडन बरं का, रक्ताची नस नव्हे. १९७४ ला डॉ. फ्रँक जोब यांनी पहिल्यांदा केलं, त्याआधी पिचरचं करिअर तिथंच संपायचं. आता बहुतेक जण परत येतात, पण बारा ते अठरा महिने लागतात, कारण बसवलेल्या टेंडनला लिगामेंटचं काम शिकायला तेवढा वेळ लागतोच. पैसे जास्त दिले म्हणून तो वेळ कमी होत नाही.

आणि एवढी कोपरं का जातात त्याचं उत्तर वेगात आहे. आताचा पिचर प्रत्येक बॉल पूर्ण ताकदीनं टाकतो, स्नायू मजबूत होतात, लिगामेंट त्या प्रमाणात होत नाही. मेजर लीगनं (ह्या टीमा खेळतात त्या अमेरिकेतल्या लीगनं) २०२४ च्या डिसेंबरमध्ये स्वतःचाच अहवाल काढला त्यातपण हेच, वेगाच्या आणि बॉल वळवायच्या मागं लागून दर वेळी शंभर टक्के जोर. टीमाच असले पिचर निवडतात, मग दुखापतीला नशीब कसं म्हणायचं? बुमराहला इंग्लंडमध्ये २०२५ ला पाचपैकी तीनच टेस्ट खेळवलं तर आपल्याकडं केवढा ओरडा झाला. मला तो निर्णय शंभर टक्के योग्य वाटला. शनिवार-रविवारी टेनिस बॉलची टूर्नामेंट खेळून सोमवारी खांदा धरून येणारी पोरं मी बघते, त्यांना विश्रांती सांगितली की आईवडीलच विचारतात, पुढच्या आठवड्यात फायनल आहे, तेवढी खेळू दे का. जीव तुटतो अगदी.

परत आणायचं कसं हे पिचिंग आणि बॅटिंग दोन्ही करणाऱ्या ओहतानीकडं बघून शिकावं. सप्टेंबर २०२३ ला कोपराचं ऑपरेशन, २०२४ ला फक्त बॅटिंग, जून २०२५ ला परत बॉलिंग तर पहिल्या दिवशी एकच इनिंग. मग हळूहळू वाढवत नेलं.

पहाटेची_इनिंग

मॅडम, बॉलिंग नव्हे पिचिंग 🙂 पण तुम्ही सांगितलेलं सगळं डोक्यात बसलं, मनापासून आभार. नाका भाऊ, दहा पिचर जमवा म्हणता, ते आणायचे म्हटलं तर तयार हिटर द्यायला लागतात. २०२४ ला पिचर ट्रेव्हर रॉजर्ससाठी मायामीला नॉर्बी आणि स्टॉवर्स हे हिटर दिले, स्टॉवर्स तिकडं जाऊन २०२५ ला ऑलस्टार (लीगच्या निवडक खेळाडूंत) झाला. मला अजून ते झोंबतंय.

निपाणी_नाका

झोंबू दे की, पण रॉजर्सचं पुढचं पण सांगा! आला तेव्हा मार खाल्ला, खालच्या मायनर लीगमध्ये पाठवला, २०२५ च्या सुरुवातीला गुडघ्यानं बाहेर, आणि परत आल्यावर १८ मॅचमध्ये ईआरए (नऊ इनिंगमागं पिचरच्या नावावर लागलेल्या रन, जितक्या कमी तितकं भारी) १.८१. अख्ख्या लीगमध्ये असले आकडे किती जणांचे होते? त्याला गुडघा पूर्ण बरा होईपर्यंत थांबवलं म्हणूनच हे झालं. तुमच्याकडं कॉर्नरला (पहिल्या-तिसऱ्या बेसच्या जागांना), आउटफिल्डला हिटर जास्तच झालेले, बसवून ठेवून त्यांची किंमत कमी होणार होती. असलेच दोन ट्रेड अजून करायला पाहिजे होते.

खानापूर_शॉर्टस्टॉप

ह्यावर नाक्याशी सहमत. फक्त हॉलिडे आणि हेंडरसनला हात लावायचा नाही. आणि ब्रॅडिश २०२५ च्या ऑगस्टला परत आलाय, त्याला पहिल्या महिन्यापासनं सहा-सात इनिंग टाकायला लावू नका म्हणजे झालं.