डीईएममध्ये गोळे एकमेकांत शिरतात, मग दबतं ते काय?

उद्यमबागकर: मी बेळगावचा, एमटेक दुसरं वर्ष. उद्यमबागेत मामांच्या फाउंड्रीत मोल्डिंगची (साच्याची) वाळू हॉपरमध्ये, म्हणजे खाली निमुळत्या होणाऱ्या टाकीत, अडकते, म्हणून प्रोजेक्टला तेच घेतलंय. डीईएम वापरतोय, म्हणजे एकेक कण वेगळा धरून त्याची हालचाल काढणारं सिम्युलेशन. खऱ्या कणांएवढे बारीक कण माझ्या लॅपटॉपच्या बापाला झेपणार नाहीत, म्हणून २ मिमी व्यासाचे गोळे, संपर्काला हर्ट्झ, म्हणजे दोन गोळे किती दबले यावरून बल देणारं सूत्र. वाळूतल्या क्वार्ट्झचा यंग मॉड्युलस, म्हणजे कडकपणाचा आकडा, साधारण ७० गिगापास्कल. कण मऊ असले की गणिताचे टप्पे मोठे घेता येतात, म्हणून रन लवकर संपावा यासाठी मी ७ मेगापास्कल घातला, म्हणजे दहा हजार पट मऊ. काल मामा स्क्रीन बघून म्हणाले, "ही वाळू की भिजवलेले चणे? एकमेकांत घुसाय लागलेत की!" तळाला ओव्हरलॅप, म्हणजे गोळे एकमेकांत शिरलेलं अंतर, त्रिज्येच्या ६ टक्के आहे. सर म्हणतात, ओव्हरलॅप म्हणजेच डिफॉर्मेशन (दबून आकार बदलणं). पण गोळा तर गोलच राहतोय!

जुना_डीईएमवाला: मामांची नजर चांगली आहे. कंडॉल आणि स्ट्रॅक यांनी १९७९ साली मांडलेल्या या डीईएम पद्धतीत गोळ्याचा आकार बदलतच नाही. ओव्हरलॅप म्हणजे दोन केंद्रं किती जवळ आली याचा आकडा, त्यावरून बल काढायचं. खरा कण संपर्काच्या ठिकाणी तेवढाच चपटा होतो. दोन गोळे शिरतात तिथं चित्रात दिसणाऱ्या भिंगाच्या आकारावर जाऊ नको: समान गोळ्यांत त्या छेदाचं क्षेत्रफळ हर्ट्झच्या खऱ्या संपर्क-क्षेत्राच्या जवळजवळ दुप्पट येतं. कागदावर दोन वर्तुळं काढून बघ, पटेल.

उद्यमबागकर: काढली. R गोळ्याची त्रिज्या, δ ओव्हरलॅप धरला तर छेदाच्या त्रिज्येचा वर्ग जवळजवळ Rδ, हर्ट्झचा Rδ/२. आयला, होय की! मग ६ टक्के चालेल?

जुना_डीईएमवाला: नाही. प्रत्येक संपर्क आपापला धरलाय. वरून दाबलं तर खरा कण बाजूला फुगतो आणि शेजाऱ्याला ढकलतो. इथं शेजाऱ्याला पत्ताच नसतो. शिवाय भिंगाएवढं आकारमान नुसतं गायब होतं. ओव्हरलॅप बारीक असेल तर हे खपून जातं, मी १ टक्क्याच्या आत ठेवतो. तू मॉड्युलस १०० पट वाढव: ओव्हरलॅप ०.३ टक्क्याच्या खाली येईल, टाइमस्टेप (गणिताचा एक टप्पा) मात्र १० पट लहान होईल. आणखी एकदा १० पट वाढवून बघ. वाळू पडण्याचा वेग बदलला नाही तर तिथंच थांब, ७० गिगापास्कलच्या मागं लागू नको.

वाळूवाला: एक मध्येच विचारतो, वाळू ओली आहे ना? बेंटोनाइट (चिकट माती) आणि पाण्यानं ती चिकटते, म्हणून हॉपरात कमान धरून अडकते. नुसत्या हर्ट्झमध्ये चिकटपणाच नाही, मग अडकणार कशी?

उद्यमबागकर: अरे देवा. माझी वाळू आजवर एकदाही अडकली नाही, मला वाटलं हॉपर चांगला काढलाय.