आयोडीन-१२५ ने प्रथिनाचे लेबलिंग: साठा फ्रीझरमध्ये ठेवावा का, टेबल ब्लीचने पुसावे का?

प्रश्न
क्लोरामाइन-टी (आयोडाइडचे ऑक्सिडीकरण करणारे रसायन) पद्धतीने एका प्रथिनाला आयोडीन-१२५, म्हणजे किरणोत्सारी आयोडीन, जोडायचे आहे. एका वेळी ३७ मेगाबेकरेल, म्हणजे १ मिलिक्युरी सोडियम आयोडाइड लागेल. फ्यूम हूड (वाफा बाहेर ओढून घेणारी पेटी), गायगर काउंटर (किरणोत्सार मोजणारे यंत्र) आणि साध्या ॲक्रिलिकचा पडदा आहे. उरलेला साठा उणे २० अंशांवर ठेवला तर चालेल का? आणि काम झाल्यावर टेबल ब्लीचने पुसायचे का?

उत्तर १
दोन्ही करू नका, कारण एकच आहे. आयोडाइड पाण्यात गपचूप राहतो. त्याचे ऑक्सिडीकरण झाले की उडणारे आयोडीन तयार होते, श्वासावाटे आत जाते आणि थायरॉइडमध्ये साठते. ब्लीच हा ऑक्सिडीकारक. आम्ल पडले किंवा द्रावण गोठवले तरी तोच परिणाम. म्हणून साठा सोडियम हायड्रॉक्साइडमध्येच, खोलीच्या तापमानाला, शिशाच्या भांड्यात आणि हूडमध्ये ठेवा.

कुपीच्या झाकणाखाली बाष्प साचलेले असते. झाकण न उघडता रबरी बुचातून सिरिंजने द्रव काढा. दुसरी सुई कोळशाच्या फिल्टरला जोडून बुचात खोचा, म्हणजे दाब सुटताना बाष्प कोळशात अडकेल.

अभिक्रियेत बफर, म्हणजे पीएच स्थिर ठेवणारे द्रावण, तगडा हवा (०.५ मोलर फॉस्फेट, पीएच ७.४च्या आसपास), नाहीतर साठ्यातला अल्कली पीएच वर ढकलतो आणि लेबलिंग नीट होत नाही. क्लोरामाइन-टी शेवटी घाला. अर्ध्या ते एका मिनिटात ताजे सोडियम मेटाबायसल्फाइट घालून अभिक्रिया थांबवा. ते आधीच सिरिंजमध्ये भरून हाताशी असू द्या. शोधाशोध करण्यात वेळ गेला तर प्रथिनही बिघडते आणि बाष्पही वाढते.

उत्तर २
तुमचा गायगर काउंटर इथे जवळपास आंधळा आहे. आयोडीन-१२५चा गॅमा ३५.५ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचा आणि क्ष-किरण २७ ते ३२चे. ते गायगर नळीतून बहुतेक निसटून जातात. पातळ सोडियम आयोडाइड स्फटिकाचा सिंटिलेशन प्रोब (किरण पडल्यावर स्फटिकात होणारी चमक मोजणारे उपकरण) मागवा. तो मिळेपर्यंत पुसून घेतलेले कागद गॅमा काउंटरमध्ये मोजा. ‘काटा हलला नाही म्हणजे टेबल स्वच्छ’ हा निष्कर्ष धोक्याचा आहे.

साधे ॲक्रिलिकही उपयोगाचे नाही, शिसेयुक्त ॲक्रिलिक घ्या. या किरणांना १ मिलिमीटर शिसे भरपूर होते. उद्या आयोडीन-१३१ वापरायचे ठरले तर मात्र हा हिशेब चालणार नाही: त्याचा ३६४ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचा गॅमा निम्मा करायलाच सुमारे ३ मिलिमीटर शिसे लागते.

सांडल्यावर सोडियम थायोसल्फेट, सोडियम आयोडाइड आणि सोडियम हायड्रॉक्साइड, प्रत्येकी ०.१ मोलर, यांचे द्रावण ओता आणि बाहेरून आत पुसत या. हातमोजे दुहेरी घाला. आयोडीन रबरातून झिरपते, त्यामुळे वरचा जोड वारंवार बदला.

प्रश्नकर्ता
धन्यवाद. थायरॉइडमध्ये किरणोत्सारी आयोडीन साठू नये म्हणून आधी पोटॅशियम आयोडाइडची गोळी घ्यावी का? आणि कचऱ्याचे काय?

उत्तर ३
गोळी ही हूडची जागा घेत नाही. शरीरात आयोडीन गेल्याची शंका असेल तेव्हा डॉक्टरांच्या सल्ल्याने, शक्य तितक्या लवकर ती घ्यायची. प्रौढांसाठी मात्रा १३० मिलिग्रॅम. नेहमीच्या कामाला नको. त्याऐवजी दर लेबलिंगनंतर २४ ते ७२ तासांत थायरॉइडमधल्या किरणोत्साराची मोजणी करून घ्या आणि कामाच्या वेळी बोटात डोसिमीटरची (हाताला मिळालेले विकिरण मोजणारी) अंगठी घाला.

द्रव कचरा थायोसल्फेट घालून अल्कधर्मी ठेवा, आम्लाच्या किंवा ब्लीचच्या बाटलीत कधीही ओतू नका. अर्धायुष्य (किरणोत्सार निम्मा होण्याचा काळ) सुमारे ५९ दिवसांचे, म्हणजे दहा अर्धायुष्यांना जवळपास ६०० दिवस. डब्यावर समस्थानिक, तारीख आणि मात्रा लिहा. पुढची विल्हेवाट विकिरण सुरक्षा अधिकाऱ्याने मोजून मंजूर केल्यावरच.