कृष्णेचा प्रवाह खरंच घटला का, कसं तपासायचं?

प्रश्न: विजयवाड्याच्या प्रकाशम बॅरेजखाली वाहून गेलेल्या पाण्याचे आकडे घेतले. 1960 नंतर मोठी घसरण दिसते. याला पाऊस कमी झाला म्हणायचं का?

नदीकाठ: घाई नको. तो आकडा धरणांनंतर उरलेल्या पाण्याचा आहे. आधी नैसर्गिक येवा, म्हणजे धरणं-उपसा नसता तर वाहिलं असतं ते पाणी, काढा: मोजलेला प्रवाह + वरचा उपसा + धरणसाठ्यातला बदल + बाष्पीभवन − शेतातून परत आलेलं पाणी. कोयनेचं वीजनिर्मितीसाठी पश्चिमेला वळवलेलं पाणीही मिळवा. हे हमखास राहून जातं. कृष्णेचं पाणी राज्यांत वाटणाऱ्या बच्छावत लवादाचे 2060 टीएमसी (टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट; 75 टक्के विश्वासार्हता, म्हणजे 100 पैकी 75 वर्षं तरी एवढं पाणी मिळतं) अशाच 78 वर्षांच्या मालिकेवरून आले.

गेजवाला: वर्ष 1 जून ते 31 मे धरा, जानेवारीपासून नव्हे. 11,574 क्युसेक (सेकंदाला घनफूट) दिवसभर वाहिलं की 1 टीएमसी. पूर येऊन पात्र खरवडलं की जुना पातळी-विसर्ग तक्ता (पाण्याच्या पातळीवरून प्रवाह काढायचा) चुकतो, मग खोटा कल दिसतो.

नदीकाठ: कल खरा की योगायोग हे पाहायला मान-केंडल ही सांख्यिकी चाचणी, पण लागोपाठच्या वर्षांचा परस्परसंबंध आधी काढा. आणि मालिका दुष्काळात संपवू नका. 1972 ला थांबलात तर उत्तर ठरलेलंच!