क्लिंगॉन शिकतेय, कर्ता-कर्माचा गोंधळ सुटत नाही. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

गेले सात महिने रोज रात्री अर्धा-पाऊण तास मी क्लिंगॉन शिकतेय. 'स्टार ट्रेक'मधल्या योद्ध्यांची ही भाषा. भाषाशास्त्रज्ञ मार्क ओक्रँड यांनी १९८४च्या चित्रपटासाठी ती व्याकरणासकट रचली आणि १९८५मध्ये तिचा कोशही काढला. रोज पाच ओळींची डायरी या भाषेत लिहायची, एवढीच माझी इच्छा आहे. शब्द पाठ होताहेत, पण वाक्यात कोण कोणाला बघतंय हेच दर वेळी उलटं होतं.

उदाहरण देते. 'पुक' म्हणजे मूल, 'याष' म्हणजे अधिकारी, 'लेग़' म्हणजे बघणे. 'पुक लेग़ याष' म्हणजे 'अधिकारी मुलाला बघतो'. आधी कर्म, मग क्रियापद, शेवटी कर्ता. नियम झोपेतून उठवून विचारला तरी सांगेन. पण वाक्य समोर आलं की डोळा पहिल्या नामावर पडतो आणि डोकं त्यालाच कर्ता करून मोकळं होतं. मराठीत आपल्याला 'ला' सांभाळून घेतो, शब्द कसेही फिरवले तरी अर्थ ढळत नाही. इथे कर्माला काहीच चिकटत नाही. जागा हीच विभक्ती.

दुसरी अडचण उपसर्गांची. क्रियापदाला पुढून लागणारा एकच उपसर्ग कर्ता आणि कर्म दोन्ही सांगतो. मला ही कल्पना फार सुंदर वाटते, पण असे २९ उपसर्ग आहेत. 'कालेग़' (मी तुला बघते), 'चोलेग़' (तू मला), 'मुलेग़' (तो मला) हे पक्के झालेत. 'डालेग़' (तू त्याला) आणि 'डुलेग़' (तो तुला) यांची मात्र अजून अदलाबदल होते. तक्ता करून टेबलासमोर लावलाय. तो बघून सगळं जमतं, वहीत लिहायला बसलं की काही आठवत नाही.

उच्चारांत आपलं नशीब चांगलं आहे. ड आणि ष दोन्ही मूर्धन्य, जीभ आपोआप जागेवर जाते. पण रोमन लिपीतला छोटा क्यू आणि मोठा क्यू हे वेगळे ध्वनी आहेत आणि माझ्या देवनागरी टिपणांत दोन्ही 'क' होऊन बसलेत. छोट्या क्यूने 'काम' म्हणजे पाय, मोठ्याने 'काम' म्हणजे उभे राहणे!

कोणी या वाटेने गेलं असेल तर कृपया सांगा.

प्रतिसाद १:
तक्ता काढून टाका. उपसर्ग प्रश्नोत्तरांतून बसतात. 'डालेग़-आ?' (तू त्याला बघतेस का?) याचं उत्तर 'विलेग़' (मी त्याला बघते). 'डुलेग़-आ?' (तो तुला बघतो का?) याचं उत्तर 'मुलेग़'. डा आला की वि, डु आला की मु. मोठ्याने स्वतःशीच बोला, क्रियापदं बदलत राहा. मला स्वतःला तीन आठवडे लागले होते.

प्रतिसाद २:
क्लिंगॉनमध्ये आपला साधा 'क' नाहीच, त्यामुळे ते अक्षर टिपणांत मोकळं आहे. छोट्या क्यूला 'क' लिहा, मोठ्याला नुक्ता देऊन 'क़'. पण जीभ दोन्ही वेळा पडजिभेकडे मागे जायला हवी. मोठ्या क्यूला त्याच जागी घशातून घासटून हवा सोडायची, खाकरल्यासारखी. आणि वाक्य वाचताना पहिल्या नामाला मनात लगेच 'ला' लावून टाका: 'मुलाला बघतो अधिकारी'. आपल्या कवितेत हा क्रम नेहमी येतो, कानाला मुळीच परका नाही. मात्र रोमन लेखनही सोडू नका, बाकी सगळे त्यातच लिहितात.

धागाकर्ती:
दोघांचेही मनापासून आभार! चार दिवस झाले, डु ऐकला की मु तोंडात येतोय. 'ला' लावून वाचल्यावर काल आठपैकी सात वाक्यं बरोबर आली. चुकलेलं वाक्य अनेकवचनाचं होतं. 'ते त्याला बघतात' याला 'लु' लागतो, पण 'ते त्यांना बघतात' याला काहीच लागत नाही. हे लक्षात ठेवायला तुम्ही काय करता?