‘इंजिनाला पाना लागलेला नाही’ नावाची अंधश्रद्धा

माहीमकर

परवा ‘गिरगावचा बुलेटवाला’ यांनी जुन्या मोटारसायकलींच्या नवख्या गिऱ्हाइकांसाठी एक उपदेश लिहिला आणि त्याखाली बऱ्याच जणांनी माना डोलावल्या. उपदेशाचे सार असे, की इंजिनाला कधी पाना लागलेला नाही, म्हणजे ते कधी उघडलेलेच नाही, असे मालक छातीठोकपणे सांगत असेल आणि आवाज कानाला गोड लागत असेल, तर जास्त चिकित्सा न करता बयाणा देऊन मोकळे व्हावे. हे वाचून गप्प बसणे मला जमले नाही.

उदाहरणार्थ येझदी ही टू-स्ट्रोक मोटारसायकल घ्या. ती बनवणाऱ्या म्हैसूरच्या आयडियल जावाचे उत्पादन १९९६ साली थांबले, म्हणजे त्या कारखान्यातली सर्वांत तरुण येझदीसुद्धा आज तिशीची आहे. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल आणि हवेचे मिश्रण आधी क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पेटीत, दाबले जाते आणि मग सिलिंडरमध्ये चढते, त्यामुळे क्रँककेस हवाबंद असणे हाच त्या इंजिनाचा प्राण. ही हवाबंदी रबरी सीलवर अवलंबून असते, आणि इंजिन उघडले की नाही याच्याशी रबराला काही देणेघेणे नसते; उभ्या गाडीतही ते कडक होते. एका बाजूने बाहेरची हवा आत शिरू लागली की आयडलिंग (गाडी उभी असतानाचा इंजिनाचा वेग) आपोआप चढते, मिश्रण विरळ होते आणि एखाद्या दुपारी हमरस्त्यावर पिस्टन जाम होतो. गिअरबॉक्सकडच्या बाजूने सील गेले तर ऑइल आत ओढले जाऊन धूर थांबतच नाही. म्हणून न उघडलेली येझदी म्हणजे, माझ्या मते, जिचे बिल अजून कोणी भरलेले नाही आणि जे आता तुम्ही भरणार आहात, अशी गाडी.

मी गाडी पाहायला जातो तेव्हा मालकाला आदल्या दिवशीच बजावतो, की मी येईपर्यंत किक मारू नका. पोहोचल्यावर नमस्कारानंतरचे पहिले काम म्हणजे सिलिंडरच्या पात्यांवर तळवा ठेवणे. पाती कोमट लागली, म्हणजे गाडी आधीच सुरू केलेली असली, तर चहा पिऊन परत फिरतो, कारण जी गाडी गिऱ्हाइकापुढे थंड सुरू करायची भीती वाटते तिच्याविषयी मालकाला माझ्यापेक्षा जास्त माहिती असते. दुसरा प्रश्न, आत कितव्या मापाचा पिस्टन आहे. ज्याने खरोखर बोअर करून घेतला आहे, म्हणजे झिजलेला सिलिंडर कापून मोठा पिस्टन बसवला आहे, तो ‘पन्नास’ किंवा ‘पंच्याहत्तर’ (मूळ मापापेक्षा अर्धा किंवा पाऊण मिलिमीटर जास्त) असे चटकन सांगतो आणि बहुधा चुरगळलेले का होईना, बिल काढून दाखवतो. ज्याचे उत्तर ‘इंजिन एकदम फ्रेश आहे’ असे येते, त्याला काहीच ठाऊक नसते.

गिरगावचा बुलेटवाला

माझ्या लिखाणाचा इतका सोयीस्कर सारांश केल्याबद्दल आभारी आहे. मी बीड (ओतीव लोखंडाच्या) इंजिनाच्या बुलेटविषयी लिहिले होते, येझदीविषयी नाही, ही बारीकशी गोष्ट आपल्या नजरेतून निसटलेली दिसते. ३४६ सीसी, कॉम्प्रेशन साधारण साडेसहास एक, आणि चाल अशी निवांत की त्या इंजिनावर ताण म्हणून येत नाही. माझ्या वडिलांनी गोदीत नोकरीला असताना घेतलेली बुलेट आजही घरात आहे. तिचे क्रँककेस आजवर दुभंगलेले नाही आणि पहिल्या-दुसऱ्या किकेत ती सुरू होते.

मुंबईत ‘इंजिन उघडले’ याचा अर्थ काय होतो, हे आपण मुद्दाम सांगितले नाही. छिन्नी-हातोडीने ठोकून काढलेले स्क्रू, क्रँककेसच्या दोन फाकांमध्ये खुपसलेला स्क्रू-ड्रायव्हर, त्याने पडलेले चरे आणि ते लपवायला थापलेली गॅस्केट पेस्ट. पश्चिम उपनगरातल्या एका गॅरेजने माझ्या मेहुण्याचे चांगले चालणारे इंजिन ‘फक्त रिंगा बदलू’ म्हणून उघडले. ते परत आले तेव्हा एका स्टडचे आटे मेलेले होते आणि खालून ऑइलची धार लागलेली होती. असल्या उघडण्यापेक्षा न उघडलेले बरे, या मतावर मी ठाम आहे.

आणि थंड इंजिनाच्या परीक्षेचे एवढे कौतुक कशाला? जास्त दिवस उभी राहिलेली बुलेट सुरू केल्यावर निळा धूर ओकते, कारण ऑइल पंपातून झिरपून खाली क्रँककेसमध्ये उतरलेले असते. आपली परीक्षा लावली तर निम्म्या चांगल्या बुलेटी नापास होतील.

माहीमकर

होणार नाहीत, कारण तो धूर पाच-दहा मिनिटांत विरतो आणि मी तेवढा वेळ थांबतो. विरला नाही, तर रिंगा किंवा व्हॉल्व्ह गाइड गेले. अ‍ॅमीटरचा काटा मध्यावर आणून, डीकॉम्प्रेसर (सिलिंडरातला दाब सोडणारा खटका) दाबून पिस्टन माथ्याच्या किंचित पुढे न्यायचा आणि मगच किक, एवढे ज्या मालकाला स्वतःच्या बुलेटवर करून दाखवता येत नाही, त्याचे ‘पाना लागलेला नाही’ हे प्रमाणपत्र आपण डोळे मिटून कसे स्वीकारता, हे मात्र अजून कळलेले नाही.

कुर्ल्याचा फिटर

आपण दोघे साहेब लोक ऐकीव इतिहासावर भांडत आहात. गाडी उघडली की नाही, हे मालकाला विचारायचेच कशाला? कव्हरच्या स्क्रूंच्या खाचा पाहा. खाचा कडांशी फाटलेल्या असतील तर हात लागलेला आहे, आणि तोही घाईचा. खाचा शाबूत आहेत पण डोके चमकते आहे, तर काम करणाऱ्याने नवे स्क्रू घातले आहेत, म्हणजे माणूस नीटस असावा. मालकाची परवानगी मिळाली तर गरम ऑइल थोडे काढून पांढऱ्या फडक्यावर पसरावे. पिवळसर चकाकणारे कण बुशाचे असतात, आणि लोहचुंबकाला चिकटणारी चूर गिअरची किंवा बेअरिंगची.

मुंबईच्या गाडीला आणखी एक परीक्षा लावावी लागते, जी कुठल्या पुस्तकात नसते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा कुर्ला-कालिना भागात कंपाउंडमध्ये उभ्या असलेल्या किती गाड्या बुडाल्या याचा हिशेब नाही, आणि लहान-मोठे पूर त्यानंतरही आले. रंग नवा देता येतो, सीट नवी शिवता येते, पण हेडलाइटची काच सोडवून डब्याच्या आत, वायरिंगच्या गुंडाळीमागे बोट फिरवले की पिठासारखी बारीक राखाडी माती बोटाला लागते. ती तिथे धुळीने येत नाही. अशा गाडीचे इंजिन कितीही गोड वाजो, तिची वायरिंग आणि चाकांची बेअरिंगे तुम्हाला रडवणार.

पार्ल्याचा टू-स्ट्रोकवाला

सील काय, स्क्रू काय, माती काय! टाकीत जे ओतले जाते त्याविषयी एकही शब्द नाही. पंपावर आज वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते. पाच वर्षांपूर्वीपर्यंत जी गाडी भरवशाची होती तिचा इतिहास आता निरुपयोगी आहे, कारण ती वेगळ्या इंधनावर भरवशाची होती. माझ्या यामाहा आरएक्स शंभरच्या फ्लोट निडलचे, म्हणजे कार्ब्युरेटरमध्ये येणारे पेट्रोल रोखणाऱ्या सुईचे, रबरी टोक फुगले, कार्ब्युरेटर गळू लागला आणि टाकीला आतून गंज चढला. सरकारने आमच्या गाड्या मारल्या आणि आपण पिस्टनची मापे मोजत बसला आहात.

कुर्ल्याचा फिटर

टाकीचा गंज इथेनॉलचा की आपल्या पार्ल्यातल्या पावसाळ्याचा? अर्धी टाकी रिकामी ठेवून चार महिने ताडपत्रीखाली गाडी उभी ठेवणारे आणि सप्टेंबरात सरकारला शिव्या देणारे गिऱ्हाईक माझ्याकडे दरवर्षी येते.

पार्ल्याचा टू-स्ट्रोकवाला

माझी गाडी ताडपत्रीखाली नसते, बंद गॅरेजमध्ये असते. न पाहता निदान करणाऱ्या मिस्त्र्यांमुळेच हा धंदा बदनाम झालेला आहे.

कुर्ल्याचा फिटर

आणि वाचून पंडित झालेल्या मालकांमुळे आमचे पोट भरते, तेव्हा माझी तक्रार नाही.

माहीमकर

भांडण थोडे बाजूला ठेवा, कारण दोघांचेही निम्मे खरे आहे. पेट्रोलियम मंत्रालयाने २०२५ च्या ऑगस्टमध्ये खुलासा करताना जुन्या वाहनांना मोठा धोका नसल्याचे म्हटले, पण वीस-तीस हजार किलोमीटरच्या वापरानंतर काही जुन्या गाड्यांत रबरी भाग आणि गॅस्केट बदलावी लागू शकतील, हेही त्यातच मान्य केले. इथेनॉल हवेतली ओल ओढते, आणि पाणी पुरेसे साठले की इथेनॉलला घेऊन ते टाकीच्या तळाशी वेगळे बसते, म्हणजे पावसाळा आणि इथेनॉल हे एकमेकांचे साथीदार आहेत. शिवाय इथेनॉलमध्ये मुळातच ऑक्सिजन असल्याने जुन्या जेटवर (कार्ब्युरेटरमधल्या पेट्रोलच्या छिद्रावर) मिश्रण आणखी विरळ होते, जे टू-स्ट्रोकला मुळीच मानवत नाही.

गाडी पारखणाऱ्याला यातून काम निघते. नळातून थोडे पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून स्थिर ठेवावे आणि तळाशी वेगळा थर दिसतो का ते पाहावे. टाकीत टॉर्च मारावी. आत दुधाळ, गुळगुळीत लेप दिसला तर टाकी कधीतरी भोके पडून आतून सांधलेली आहे, आणि असे जुने लेप इथेनॉलने पापुद्रे होऊन सुटतात व कार्ब्युरेटरमध्ये जाऊन बसतात.

पार्ल्याचा टू-स्ट्रोकवाला

म्हणजे मी म्हणत होतो तेच, फक्त सभ्य भाषेत. धन्यवाद.

बोरिवलीचा कागदवाला

भरवशाची गाडी म्हणजे रस्त्यावर नेता येणारी गाडी, ही व्याख्या कोणाला मान्य आहे का? नोंदणी पंधरा वर्षांची, त्यानंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण आणि पर्यावरण कर. एमएच येण्याआधीच्या नंबरांच्या कित्येक गाड्यांची नोंद संगणकावर चढलेलीच नाही, आणि ती बॅकलॉग एन्ट्री, म्हणजे जुनी नोंद संगणकावर चढवणे, करून घेता घेता माणूस अर्धा होतो. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला नवी सुरक्षा नंबरप्लेट लागते, तीही नोंद सापडल्याशिवाय मिळत नाही. चासी नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासा. अक्षरे एका ओळीत, एका खोलीची उमटली नाहीत, तर इंजिन सोन्याचे असले तरी निघून या. पन्नास वर्षांवरील गाडीला २०२१ च्या नियमानुसार ‘व्हीए’ मालिकेचा नंबर मिळतो म्हणून खूश होणाऱ्यांनी हेही वाचावे, की तो नंबर रोज कामावर जाण्यासाठी नाही.

नवखा डोंबिवली

मी इतके दिवस फक्त वाचत होतो. रविवारी १९८७ ची येझदी रोडकिंग पाहायला जाणार आहे. मालक म्हणतात, की इंजिनाला पाना लागलेला नाही, टाकी आतून नवीन करून घेतली आहे, आणि आरसी त्यांच्या दिवंगत वडिलांच्या नावावर आहे. गाडी सात वर्षे उभी आहे. घ्यावी का?

बोरिवलीचा कागदवाला

आधी त्यांनी फॉर्म ३१ (मृत मालकाच्या वारसाचा) भरून गाडी स्वतःच्या नावावर करावी, मग फॉर्म २९ आणि ३० (विक्रीचे) भरून आपल्या नावावर. ‘नंतर बघू’ असे म्हणाले तर बयाणासुद्धा देऊ नका.

गिरगावचा बुलेटवाला

येझदीच्या बाबतीत, आणि केवळ येझदीच्या बाबतीत, माहीमकरांचे म्हणणे ग्राह्य धरायला माझी हरकत नाही. सात वर्षे उभ्या टू-स्ट्रोकची सीले मेलेलीच समजा. मात्र बुलेटबद्दलचे माझे मत तसूभरही बदललेले नाही, हे त्यांनी लिहून ठेवावे.

माहीमकर

लिहून ठेवले. आपल्या वडिलांच्या बुलेटमध्ये कितव्या मापाचा पिस्टन आहे, तेही जमल्यास कळवावे.

गिरगावचा बुलेटवाला

स्टँडर्ड. आणि गाडी पाहायची असेल तर गिरगावात या. बिल नाही, कारण काम कधी निघालेच नाही.

कुर्ल्याचा फिटर

नवखे, या दोघांचे चालू द्या. तुम्ही गाडी सुरू करायचा आग्रह धरू नका. सात वर्षांनी कोरडीच किक मारली तर बोअरला चरे पडतील आणि खापर तुमच्यावर फुटेल. प्लग काढून आत थोडे ऑइल सोडा, चाक वर उचलून टॉप गिअरमध्ये हाताने फिरवा, आणि इंजिन सुटे फिरते का एवढेच पाहा. फिरले, तर पूर्ण इंजिन उघडण्याचा आणि टाकीचा खर्च किमतीतून वजा करून आकडा सांगा. मालक चिडतील, कारण ‘पाना न लागलेल्या’ इंजिनाचे त्यांना जास्त पैसे हवे असतील. चिडले तर नंबर ठेवून या. पावसाळ्यानंतर तेच फोन करतात.