मदत हवी आहे: इतिहासाच्या जोडीला 'जागतिक धर्म', दोन्ही कसं पेलायचं?

कोरी_वही (धागाकर्ती)
पदवीला इतिहास आणि जागतिक धर्म हे दोन विषय निम्मे-निम्मे घेतले आहेत. वर्षाचे ६० क्रेडिट, त्यातले ३०-३०. सत्र सुरू व्हायला सहा आठवडे आहेत. पहिल्या वर्षाच्या पेपरात सहा धर्म आहेत, ते सगळे सारख्याच खोलीने वाचायचे का? पाली, संस्कृत, अरबी आणि हिब्रू यांतली एक भाषा ऐच्छिक आहे, ती घ्यावी का? आणि एकच वाचन दोन्हीकडे वापरलं तर चालतं का? कोणता धर्म खरा यावर कृपया इथे गुऱ्हाळ नको.

समासातला
आधी तासांचा हिशोब. युरोपीय पद्धतीत एक क्रेडिट म्हणजे २५ ते ३० तासांचं काम, त्यात तासिका, वाचन, लेखन सगळं आलं. म्हणजे ६० क्रेडिटचे १५०० ते १८०० तास. ते ४० आठवड्यांत वाटले तर आठवड्याला ३८ ते ४५ पडतात. कागदावर जमतंय. पण दोन विभाग आपापली वेळापत्रकं वेगवेगळी बनवतात आणि तुमचा एकूण भार कुणा एकाच्या नजरेसमोर नसतो, तिथे गाडी अडते. पहिल्याच आठवड्यात दोन्हींकडच्या तारखा एका कागदावर उतरवा. दोन निबंध एकाच आठवड्यात आदळत असतील तर इतिहासाचा दहा दिवस आधी हातावेगळा करा. त्याची साधनं बहुधा ठरवून दिलेली असतात, तर तुलनेचा निबंध शेवटपर्यंत हलत राहतो. मुदतवाढ लागणार असेल तर तारखा कळल्याबरोबर मागा, आदल्या रात्री नको.

उंबरठा
सहाही धर्म सारख्या खोलीने वाचायला गेलात तर सहांचीही प्रस्तावनाच वाचून होईल. दोन निवडा आणि ते नीट वाचा. शक्यतो एक ओळखीचा, एक पूर्ण अनोळखी. उरलेल्या चारांसाठी तक्ता पुरेसा आहे. त्याला धर्मांचे अभ्यासक निनियन स्मार्ट यांचे सात पैलू सोयीचे पडतात: विधी, कथा, अनुभव, सिद्धांत, नीती, समाजरचना आणि वस्तू-वास्तू. सिद्धांताचा रकाना भराभर भरतो आणि विधी-वस्तूंचे रकाने ओस पडतात, असं तुमच्याही तक्त्यात होईल. कारण पाठ्यपुस्तकं ग्रंथांवर बेतलेली असतात. रिकामा रकाना दिसला की तिथलं वाचन वाढवायचं.

हा ग्रंथांकडचा कल कुठून आला, हा इतिहासाचाच प्रश्न आहे बरं का. संस्कृतचा अभ्यासक मॅक्स म्युलर याने संपादायला घेतलेली पूर्वेकडच्या पवित्र ग्रंथांची मालिका १८७९ ते १९१० या काळात ५० खंडांत निघाली. तिच्यात वेद-उपनिषदं आहेत, कुराण आहे, पारशांचा अवेस्ता आहे, चिनी ग्रंथही आहेत. बायबल मात्र नाही. 'जागतिक धर्म' ही यादी कुणी, कुठे बसून केली, यावरच दुसऱ्या वर्षी एक निबंध होईल.

पानटीप
मार्क खरे जातात ते संदर्भात आणि सनावळीत. ज्या चुका हमखास होतात त्या सांगतो.

हिजरी (इस्लामी) सनाचा इसवी सन काढताना नुसते ६२२ मिळवू नका. ते वर्ष ३५४ किंवा ३५५ दिवसांचं, त्यामुळे सौर सनाशी फरक सतत बदलत जातो. हिजरी १००० म्हणजे इसवी सन १६२२ नव्हे; ते वर्ष १५९१ च्या ऑक्टोबरात सुरू झालं. अंदाजासाठी हिजरी आकड्याला ०.९७ ने गुणून मग ६२२ मिळवा.

बायबलच्या स्तोत्रसंहितेतलं मेंढपाळाचं स्तोत्र हिब्रू क्रमाने २३वं, जुन्या लॅटिन बायबलात २२वं. हिब्रूतली ९ आणि १० ही दोन स्तोत्रं ग्रीक-लॅटिन परंपरेत एकच धरली आहेत, तिथून पुढे बराच काळ एकाचा फरक चालू राहतो. दहा आज्ञांपैकी 'सहावी आज्ञा' एवढंच लिहून थांबलात तरी गोंधळ: 'खून करू नकोस' ही यहुदी मोजणीत सहावी, कॅथलिक आणि लुथरन मोजणीत पाचवी.

१९व्या शतकातले युरोपीय अभ्यासक कुराणाच्या आयतींचे क्रमांक बहुधा जर्मन अभ्यासक फ्लूगेल याच्या १८३४ च्या आवृत्तीचे देतात. आज रूढ आहेत ते १९२४ च्या कैरो आवृत्तीचे. जुन्या पुस्तकातला क्रमांक तसाच उचललात तर आयत काही ओळी मागेपुढे निघते. पालीत दोन पद्धती चालतात. महापरिनिब्बान सुत्त हे दीघनिकायातलं (लांब सुत्तांच्या संग्रहातलं) १६वं, पण पाली टेक्स्ट सोसायटीच्या आवृत्तीप्रमाणे तेच खंड २, पान ७२ पासून. एक पद्धत ठरवा आणि निबंधभर तीच ठेवा.

अनुस्वार
भाषेबद्दल. शेवटच्या वर्षाच्या प्रबंधात वापरणार असाल आणि किमान दोन वर्षं द्यायची तयारी असेल तरच घ्या. एका वर्षात धड वाचता येत नाही आणि इतिहासाचे तास मात्र खर्ची पडतात. घ्यायची नसेल तर महत्त्वाच्या उताऱ्याची दोन भाषांतरं शेजारी-शेजारी ठेवून वाचा. ती जिथे फाटतात तिथेच मूळ शब्दाचा घोळ असतो.

मराठी माणसाला पाली-संस्कृत सोपं जातं खरं, पण फसगतही तिथेच होते, कारण शब्द ओळखीचा वाटतो आणि आपण कोश उघडत नाही. पालीतल्या 'वेदना'मध्ये सुखद, दुःखद आणि धड सुखही नाही दुःखही नाही अशी, तिन्ही प्रकारची जाणीव येते. आपण 'कळ' समजून पुढे जातो आणि अख्खा परिच्छेद उलटा लागतो. 'विञ्ञाण' म्हणजे बोध किंवा जाणीव, सायन्स नव्हे. वहीच्या मागच्या चार पानांवर अशा शब्दांची यादी ठेवा: मूळ शब्द, तिथला अर्थ, आपला अर्थ.

उंबरठा
अनुस्वार, +१. त्या यादीत पहिला शब्द 'धर्म' घाला. शेजारधर्म, राजधर्म, दानधर्म आणि 'तुमचा धर्म कोणता' या सगळ्यांना आपल्याकडे एकच शब्द, आणि इंग्रजी 'रिलिजन'मध्ये यातला शेवटचाच अर्थ बसतो.

समासातला
एकच वाचन दोन्हीकडे: वाचन चालतं, लेखन नाही. आपलाच निबंध किंवा त्यातले परिच्छेद दुसऱ्या विभागाला दिले तर ती स्वतःचीच उचलेगिरी धरतात, आणि तपासणीचं सॉफ्टवेअर ती पकडतं. साधन एक, प्रश्न दोन, असं ठेवा. उदाहरणार्थ, १९५८ मध्ये उजेडात आलेला अशोकाचा कंदाहारचा ग्रीक आणि अरामी लेख. इतिहासाला विचारा: राज्याच्या त्या टोकाला या दोन भाषा का? वाचणारे कोण होते? धर्माच्या पेपरला विचारा: 'धम्म'साठी ग्रीकमध्ये 'युसेबिया' (भक्तिभाव) घातलं, त्यात काय टिकलं आणि काय गळालं? बुद्धाचं नाव या लेखात नाही, हेही ध्यानात ठेवा. टिपणं एकाच फाइलमध्ये चालतील, मसुदे मात्र पहिल्या ओळीपासून वेगळे.

कोरी_वही
सगळ्यांचे आभार, तासांचा कागद आजच करते. पहिला निबंध आहे 'दोन धर्मांतील उपवास', २००० शब्द. साम्य आणि भेद असे दोन भाग करू का?

पानटीप
नको, त्याची यादी होते. एकच कणा धरा. समजा, कालगणना. रमजान आणि यहुद्यांचा योम किप्पूर (प्रायश्चित्ताचा दिवस), दोन्ही चांद्र महिन्यांत. पण यहुदी पंचांग १९ वर्षांत ७ अधिक महिने घालतं, म्हणून योम किप्पूर सप्टेंबर-ऑक्टोबर सोडत नाही. कुराणात ९:३७ मध्ये महिने पुढे-मागे ढकलण्याचा निषेध आहे, इस्लामी वर्षात अधिक महिना नाही, म्हणून रमजान साधारण ३३ वर्षांत सगळ्या ऋतूंतून फिरतो. त्यावरून रोजाचे तास ऋतू आणि अक्षांशाप्रमाणे बदलतात. योम किप्पूर मात्र एका सूर्यास्तापूर्वीपासून दुसऱ्या दिवशी रात्र पडेपर्यंत, सुमारे २५ तासांचा.

शब्दांची वाटणी: कणा आणि व्याख्या २५०, प्रत्येक धर्माला ५००, तुलना ६००, उरलेले १५० मर्यादांना. 'इस्लाम सांगतो', 'यहुदी धर्म मानतो' असं लिहू नका. कोणत्या ग्रंथात, कोणत्या शतकात, कोण सांगतं ते लिहा. इतिहास घेतलाय तर ही सवय तुम्हाला तिकडेही लागणारच आहे.