पांढरे केस छान स्वीकारले होते, आता रंगवावेसे वाटताहेत

चाफेकळी:
वय ४४, राहायला गोरेगाव, नोकरी फोर्टला. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये पार्लरं बंद पडली तेव्हा डाय सुटला तो सुटलाच. भांगात पांढरी रेघ दिसली की जुना गाऊन चढवून, लादीवर पेपर पसरून बसायचं, ते एकदाचं संपलं. फार मोकळं वाटलं होतं.

आता भाच्याचं लग्न आहे, दादरला. आई म्हणते, "माझे काळे आणि लेकीचे पांढरे, फोटोत बहिणी दिसू!" तिचं मी या कानाने ऐकते, त्या कानाने सोडते. गोची वेगळीच आहे. ट्रेनच्या ग्रुपमध्ये मी 'बघा कशी बिनधास्त' याचं उदाहरण झालेय. माझं बघून दोघींनी डाय सोडला. आणि इथे मलाच तांबूस तपकिरी रंग खुणावतोय. हे मला हवंय, की आई माझ्या तोंडून बोलतेय? कसं ओळखायचं?

माहीमची_हलवाईण:
सोप्पं आहे. लग्न होऊन जाऊ दे. नंतर महिनाभराने, कुठलंच कार्य नसताना, तोच रंग हवासा वाटला तर तो तुझा.

त्वचेची_डॉक्टरीण:
मनाचं तुमचं तुम्ही बघा, मी टाळूचं सांगते. गडद रंगाच्या बहुतेक पर्मनंट डायमध्ये पीपीडी नावाचं रसायन असतं आणि त्याची अ‍ॅलर्जी काहींना जबरदस्त येते. आधी इतकी वर्षं लावत होते, काही झालं नाही, हा भरवसा नको, ती मध्येच कधीही सुरू होऊ शकते. कानामागे किंवा कोपराच्या आत थोडा लावून ४८ तास थांबा. 'काळी मेंदी' म्हणून विकतात त्यातही बऱ्याचदा पीपीडीच असतं. नुसती मेंदी पांढऱ्यावर नारिंगी चढते. आणि केस महिन्याला साधारण सेंटीमीटरभरच वाढतात, म्हणजे मन बदललं तर खांद्यापर्यंत पुन्हा पांढरे व्हायला दोनेक वर्षं धरा. आधी मागच्या बाजूची एखादी बट रंगवून बघा.

पार्लेकर_काकू:
हलवाईणबाई, तुमची परीक्षा मला नाही पटली. लग्नाला पैठणी घेतो तेव्हा कोणी विचारतं का, ही हौस तुझी की लोकांची? थोडी आपली, थोडी लोकांची, अशीच असते ती. केसांच्या वेळीच ती सोवळ्यातली का हवी? चाफेकळी, मला तर वाटतं तुला आईपेक्षा त्या डब्यातल्या बायकांचीच जास्त भीती आहे. आई निदान तोंडावर बोलते. या कौतुक करून बांधून ठेवतात.

चाफेकळी:
काकू, बरोब्बर नस पकडलीत. काल धीर करून ट्रेनमध्ये विषय काढला. डाय सोडलेल्या दोघींपैकी एक अंधेरी यायच्या आत म्हणाली, "लाव गं बाई लवकर, तुझ्यामुळे मी थांबलेय!" दुसरी म्हणाली, तिला पांढरेच आवडतात, माझ्याशी काही संबंध नाही. म्हणजे मी उगीचच पुढारीपण डोक्यावर घेऊन फिरत होते.

कोपराच्या आत डायचा ठिपका लावलाय, डॉक्टरीणबाई. खाजलं नाही तर शनिवारी एक बट. आईला अजून पत्ता नाही. कळलं की म्हणणार, "ऐकलंस ना शेवटी माझं!" आणि वर्षभर सगळ्या नातेवाइकांना तेच सांगत सुटणार. यावर कोणाकडे उपाय असेल तर सांगा.